रोल नंबर पंधरा

आमचे हलगेकर सर नापास झाले की म्हैसूरपाक वाटतात.

वय वर्षं एकसष्ट. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, विभागप्रमुख, डोक्यावर जे काही केस उरलेत ते सगळे पांढरे. आणि हा माणूस निकालाच्या दिवशी जयनगरातल्या दुकानातून म्हैसूरपाकाचा पुडा आणतो, शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सगळ्यांच्या हातावर एकेक वडी ठेवतो आणि वर सांगतो, "परत उडालो की ओ. संख्याशास्त्रात." संख्याशास्त्र मी शिकवते. म्हणजे सरांना उडवणारी मीच. माझ्या हातावर ते दोन वड्या ठेवतात.

यंदाही सर नापास झाले. पण यंदा पुडा आला नाही. त्याबद्दलच सांगायचं आहे, पण ते सांगण्याआधी सर कोण आणि ते या वयात परीक्षेला का बसतात हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं वाटणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

आमचं विद्यापीठ सरकारी. इथे कुठल्याही शाखेच्या मुलाला पदवी घ्यायची तर मुख्य विषयाबरोबर आठ सामाईक पेपर द्यावे लागतात. पर्यावरण, संगणक, राज्यघटना वगैरे. मुलं ते आदल्या दिवशी पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. सरांनी बारा वर्षांपूर्वी याला एक पर्याय काढला. ज्याला हवं त्याने ते आठ पेपर सोडावेत आणि त्याऐवजी दोन वर्षं एकच वस्तू घ्यावी. एका तुकडीला पाणी, एका तुकडीला रस्ता, एका तुकडीला मीठ. आणि त्या वस्तूसाठी तीन वेगवेगळ्या विभागांचे शिक्षक एकाच वर्गात एकाच वेळी उभे. मीठ खडकात कसं येतं ते सर सांगणार, मिठावरच्या कराबद्दल इतिहासवाले बोलणार आणि एका घराला महिन्याला सरासरी किती मीठ लागतं ते मुलांकडून मोजून घेणार मी.

कागदोपत्री याचं नाव 'आंतरविद्याशाखीय पर्यायी सामान्य शिक्षण कार्यक्रम'. हे एका दमात म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बाकीचे विभाग आम्हाला सरळ बिसीबेळे म्हणतात. तांदूळ, डाळ, भाज्या, सगळं एकाच पातेल्यात, म्हणून. सरांना त्याचा राग नाही. ते एवढंच म्हणतात की बिसीबेळेवर तूप लागतं, आणि तेवढं सोडायला विद्यापीठ तयार नाही.

मी या पातेल्यात पडले ती नाइलाजाने. आम्ही मूळचे नागपूरचे. नवऱ्याला बेंगळुरूला, महादेवपुऱ्यात, नोकरी लागली म्हणून इथे आलो. तो दिवसभर काचेच्या इमारतीत बसून हिंदीत मीटिंगा घेतो आणि मी गेली सहा वर्षं या विद्यापीठात अतिथी प्राध्यापक आहे. सहा वर्षं मुक्काम ठोकलेल्या पाहुण्याला जी वागणूक मिळते तीच मला मिळते. माझ्या नावाची पाटी नाही, कपाट नाही, आणि नवं वर्ष सुरू झालं की मी आहे की नाही हे मला नोटीस बोर्डावर वाचून कळतं. ज्या वर्गांना कुणी हात लावत नाही ते माझ्याकडे येतात. तसंच बिसीबेळे आलं.

पहिल्याच दिवशी वर्गात गेले तर शेवटच्या बाकाच्याही मागे, घडीच्या स्टुलावर, एक म्हातारा गृहस्थ वही उघडून बसलेला. मला वाटलं कुणाचे तरी वडील असतील. म्हणून मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. ते मुकाट्याने स्टूल मिटून बाहेर जाऊन उभे राहिले. पन्नास मिनिटं. तास संपल्यावर एका मुलीने माझ्या कानात सांगितलं की ते आपले प्रमुख आहेत. मी धावत बाहेर गेले. सर वहीत काहीतरी लिहीत होते. खिडकीतून ऐकून त्यांनी अख्खा तास उतरवून घेतला होता.

"तुमचं बरोबर होतं ओ," ते म्हणाले. "हजेरी झाल्यावर वर्गात कुणाला घेऊ नये." मी मराठी आहे हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. सर बेळगावजवळचे. बेंगळुरूत पस्तीस वर्षं काढली, घरी एकटेच, त्यामुळे मराठी बोलायला माणूस नाही. त्या दिवसापासून वर्गात मी त्यांची 'मॅडम' आणि वर्गाबाहेर 'अक्का', जरी मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असले तरी.

त्यांचा एक नियम होता. या अभ्यासक्रमात शिकवणाऱ्याने बाकीच्या दोघांच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसायचं, आणि नुसतं बसायचं नाही, परीक्षा द्यायची. विद्यापीठाच्या नोकराला कुठल्याही अभ्यासक्रमाला नाव घालता येतं असा एक जुना नियम त्यांनी कुठूनतरी शोधून काढला होता. सुरुवातीला चार-पाच प्राध्यापक बसलेही म्हणे. पण स्वतःच्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी मार्क पडायला लागल्यावर एकेकाची तब्येत बिघडली. शेवटी नियम पाळणारे एकटे सर उरले. रोल नंबर पंधरा.

आणि पाळणं म्हणजे तंतोतंत. उशीर झाला तर दारात उभं राहून परवानगी मागायचे. मी पुकारलं की हात वर करून 'हजर' म्हणायचे. रजा हवी असली तर 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असा अर्ज. आता विद्यार्थ्याचा अर्ज विभागप्रमुखांमार्फत जातो आणि विभागप्रमुख ते स्वतःच. एकदा पुतण्याच्या लग्नासाठी त्यांनी चार दिवसांची रजा मागितली आणि मग खुर्चीत बसून, चष्मा लावून, ती नामंजूर केली. शेरा मारला, 'हजेरी अगोदरच कमी आहे.' लग्नाला गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्या हातात नव्हतं ओ अक्का."

दुसरं म्हणजे त्यांचं 'स्वल्प बाकी आहे'. चहा झाला का सर? स्वल्प बाकी आहे. तास संपला सर, घंटा झाली. स्वल्प बाकी आहे ओ. निवृत्ती जवळ आली म्हणून कुणी डिवचलं तरी तेच. माझ्या मते या माणसाच्या आयुष्यात कुठलीच गोष्ट पूर्ण झालेली नव्हती आणि त्याचं त्यांना काही दुःखही नव्हतं.

आता नापास होण्याकडे येते. इतिहासात सरांना बहात्तर होते. आधीच्या एका तुकडीला साहित्यवाले होते, त्यात एकसष्ट. माझ्या पेपरात पहिल्या वर्षी तेहतीस, दुसऱ्या वर्षी चौतीस, तिसऱ्या वर्षी पुन्हा चौतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. मला फार वाईट वाटायचं. गणिताची भीती बसली असेल बिचाऱ्यांच्या मनात, असं धरून मी त्यांना माझ्या मोकळ्या तासाला वेगळं शिकवलं. ते आज्ञाधारकपणे शिकले. मान डोलावली, गणितं बरोबर सोडवली आणि परीक्षेत पुन्हा चौतीसवर येऊन थांबले.

खरं तर मला त्या दगडावरूनच कळायला हवं होतं. मी मुलांना गृहपाठ दिला होता की कशाचीही शंभर मोजमापं घेऊन या. मुलांनी घरात बसून आकडे ठोकून दिले. सरांनी एक दगड घेतला, मुठीत मावेल एवढा, आणि जयनगरच्या बाजारात शंभर भाजीवाल्यांकडे तो वजन करून घेतला. शंभर काटे, शंभर वजनं. एका बाईने त्यांना वजनमापे खात्याचा माणूस समजून फुकट कोथिंबीर देऊ केली आणि एकाने दगडासकट हाकलून दिलं, तेही त्यांनी तळटीपेत नोंदवलं. मग सरासरी, विचलन, आलेख, आणि शेवटी एक वाक्य: 'दगडाचं खरं वजन कुणालाच ठाऊक नाही, पण सगळ्यांनी मिळून ते जवळजवळ बरोबर सांगितलं.' मी एम.एस्सी.च्या मुलांकडूनही इतकं चांगलं काम पाहिलं नव्हतं. आणि हाच माणूस ओळीने तीन वर्षं एका मार्काने किंवा दोन मार्कांनी नापास होतो, यात मला काही वावगं दिसलं नाही. आकड्यांमधला खोटेपणा कसा ओळखायचा हे मी पोटासाठी शिकवते.

त्या तिसऱ्या वर्षी मी एक उपकार करायला गेले. उत्तरपत्रिका समोर होती, बेरीज चौतीस. सरांची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. मला वाटलं, जाताना तरी या माणसाने पास होऊन जावं. एका आलेखाला मी दोनाचे तीन केले. पस्तीस. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागला आणि सर माझ्या टेबलापाशी आले. पुडा नव्हता. हातात फेरतपासणीचा अर्ज होता. आमच्याकडे फेरतपासणीचे अर्ज ढिगाने येतात, सगळे मार्क वाढवा म्हणून. हा अर्ज मार्क कमी करा म्हणून होता. खुर्ची दिली तरी सर बसेनात. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"एक मार्क जास्त पडलाय, मॅडम," ते म्हणाले. वर्गाबाहेर असूनही मॅडम. "तिसऱ्या प्रश्नात. मी आलेखाला नावं दिलेली नाहीत. त्याला दोनच पडतात. मी मोजून लिहिलं होतं."

मोजून लिहिलं होतं हे ऐकलं आणि मला मागच्या वर्षांचे आकडे ओळीने आठवले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ऐच्छिक अभ्यासक्रमाच्या पटावर निदान पंधरा विद्यार्थी लागतात, नाहीतर तो बंद. पहिल्या काही वर्षांत पस्तीस-चाळीस मुलं यायची. मग आईबाप विचारायला लागले की मीठ शिकून नोकरी कुठे लागते. पट उतरत उतरत त्या वर्षी चौदावर आला होता. चौदा मुलं आणि सर. पास झालेल्याला पुन्हा नाव घालता येत नाही, नापास झालेला पटावर राहतो. पुढे अशी वेळ येणार हे त्यांनी तीन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं आणि तेव्हापासून ते माझ्या पेपरात काळजीपूर्वक नापास होत होते. इतिहास आणि साहित्य त्याआधीच बेसावधपणे पास होऊन बसले होते, म्हणून माझा पेपर. माझ्या एका मार्काने मी त्यांना पास केलं नव्हतं, वर्ग बंद केला होता.

मी म्हटलं, सर, मग बंद पडू दे ना. चौदा मुलांसाठी एवढं काय. मला आता ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

त्यांनी खिशातून एक लहान वही काढली. तिच्यात अकरा नावं होती. प्रत्येक नावासमोर कुठले पेपर राहिले (संख्याशास्त्र सगळ्यांचंच), सध्या कुठे असतो, फोन. ही सगळी मुलं त्यांच्या अभ्यासक्रमात आली आणि अर्धवट सोडून गेली. कुणाचं लग्न झालं, कुणाचे वडील गेले, कुणी दिवसभर मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवतो. मुख्य विषयात ती पास आहेत. पण हे उरलेले पेपर दिल्याशिवाय पदवी नाही. अभ्यासक्रम चालू आहे तोवर केव्हाही परत येऊन पेपर देता येतात. बंद पडला की उरलेलं बुडालं.

"मी सांगितलं म्हणून त्यांनी ते आठ पेपर सोडले ओ अक्का," सर म्हणाले. "तिकडे राहिले असते तर पाठ करून पास झाले असते."

मी आलेखाचे तिनाचे पुन्हा दोन केले. फेरतपासणीत मार्क कमी झालेला आणि त्यामुळे आनंदी झालेला विद्यापीठाच्या इतिहासातला तो पहिलाच विद्यार्थी असणार. दुपारी पुडा आला. माझ्या हातावर त्यांनी दोनाऐवजी तीन वड्या ठेवल्या.

रविवारी ते वहीतल्या एकेकाच्या घरी जात. स्टूल बरोबर. कुणाच्या घरी जागा नसते, कुणाला खुर्ची शोधायला धावपळ करावी लागते, म्हणून आपलं आपण उघडायचं आणि दारात बसायचं. एकदा त्यांच्याबरोबर मीही गेले, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत. रविवार असूनही तिथले कारखाने चालू होते. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रांचा आवाज, तेलाचा वास, आणि टेबलापाशी नागरत्ना नावाची एक सडपातळ मुलगी तयार झालेले खिळे-बोल्ट मापकात धरून तपासत उभी होती. रोजचे हजारभर. तिचा एकच पेपर राहिला होता. माझाच. पदवी मिळाली तर सुपरवायझर करू असं मालकाने म्हटलेलं, पण पेपरच्या दिवशी सुट्टी देत नव्हता. तीन वर्षं हेच चाललेलं.

सरांनी स्टूल उघडलं आणि यंत्रांच्या आवाजात तिला विचलन शिकवलं. बोल्ट घेऊनच. हा जाड, हा बारीक, सगळे थोडे थोडे चुकलेले, आणि किती चुकलं की फेकायचं हे तू रोज ठरवतेस, तेच पेपरात लिहायचं. मी संख्याशास्त्राची शिक्षिका बाजूला उभी राहून ऐकत होते. निघताना नागरत्नाने कन्नडमध्ये सरांना विचारलं की सर, पुढच्या वर्षी वर्ग असेल ना. सर म्हणाले, असणार. मी आहे ना पटावर.

गेल्या वर्षअखेरीस एक पत्रक आलं. साधं, चार ओळींचं. पटसंख्या मोजताना विद्यापीठाचे कर्मचारी धरू नयेत. पुढे आमच्या अभ्यासक्रमाचं ते लांबलचक नाव आणि मग, पुरेसे विद्यार्थी नसल्याने चालू वर्षाअखेर बंद. आता शिकणाऱ्यांना आणि जुन्या अपूर्ण विद्यार्थ्यांना या वर्षीची परीक्षा ही शेवटची संधी.

मला वाटलं सर चिडतील, अर्ज करतील, कुलसचिवांकडे जाऊन बसतील. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं, घडी घालून त्या वहीत ठेवलं आणि मला विचारलं, "परीक्षा मे महिन्यात ना? म्हणजे स्वल्प वेळ आहे." आणि त्यांनी रविवारच नव्हे, रोज संध्याकाळी फिरायला सुरुवात केली. अकराजणांचे परीक्षेचे फॉर्म स्वतः भरले. अकराजणांची प्रवेशपत्रं स्वतः नेऊन दिली. होसूरला राहणाऱ्या एकासाठी ते बसने तीनदा गेले. सगळे हो म्हणाले. सरांसमोर नाही म्हणणं अवघड असतं, माणूस स्टूल घेऊन आलेला असतो.

जुन्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी खोली मिळाली होती. संख्याशास्त्राच्या पेपरच्या दिवशी मी नऊला पोहोचले तर सर आधीच येऊन बाक पुसत होते. बारा बाक. प्रत्येकावर खडूने नंबर घातलेला. अकराजणांचे अकरा आणि शेवटचा पंधरा, त्यांचा. खिडकीत पाण्याचा माठ भरून ठेवलेला आणि कुणी विसरून आलं तर म्हणून एका पेल्यात पेनं आणि पेन्सिली. पर्यवेक्षक मी होते. दहाला घंटा झाली तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.

दहा वाजून आठ मिनिटांनी नागरत्ना आली. कारखान्याचे जाड बूट तसेच पायात. तिने मला सांगितलं की सुट्टी मागितली नाही, न सांगताच आले. मी तिला पेपर दिला. सर आपल्या बाकावर बसले होते, पेपर पालथा ठेवलेला, नजर दारावर. उशिरा येणाऱ्याला अर्ध्या तासापर्यंत आत घेता येतं. हा नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होता.

मी बरेच पेपर सांभाळलेत, पण तो अर्धा तास मला जन्मभर पुरेल. बाहेर पावलं वाजली की सर ताठ बसायचे. शिपाई असायचा, नाहीतर दुसऱ्या खोलीतलं कुणीतरी. सव्वादहाला होसूरवाल्याचा फोन माझ्या फोनवर आला, कारण परीक्षेत सरांचा बंद होता. तो म्हणाला की मॅडम, मालक सोडत नाही, सरांना सांगा, आता तसंही काय उपयोग. मी सरांना काही सांगितलं नाही. साडेदहा वाजले. मी नियमाप्रमाणे उठून दार लावलं. सरांनी पेपर उलटला आणि लिहायला लागले.

नागरत्ना शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत होती. सरांनी अर्ध्या तासात पेन खाली ठेवलं आणि उरलेला वेळ रिकाम्या बाकांकडे बघत बसून राहिले.

उत्तरपत्रिका तपासायला मी आधी नागरत्नाची घेतली. एकावन्न. मला खूप आनंद झाला. कुणाला सांगू असं झालं. मग पंधरा नंबर. मनात म्हटलं, आता सरांना अडवणारं काही नाही. वर्ग बंद झालाय, पटाला आता काही अर्थ उरलेला नाही. आज कळेल या माणसाला खरं किती येतं.

पहिला प्रश्न बरोबर. दुसरा इतका सुंदर सोडवलेला की मी तो वर्गात दाखवण्यासाठी उतरवून घेतला. तिसऱ्यात आलेख होता आणि आलेखाला नावं नव्हती. चौथा प्रश्न अर्धा. पाचव्याचा फक्त आकडा लिहिलेला आणि खाली कोरी पानं. मी बेरीज केली, पुन्हा केली. चौतीस.

मी तशीच उठून त्यांच्या खोलीत गेले. ते अभ्यासक्रमासाठी कपाटात ठेवलेले दगड पेटीत भरत होते. मी म्हटलं, सर, आता कशासाठी? आता तर कुणासाठी पटावर राहायचं नव्हतं.

सरांनी हातातला दगड रुमालाने पुसला.

"दहाजण राहिले ओ अक्का," ते म्हणाले. "मी आणलं त्यांना. त्यांना तिथंच ठेवून मी एकटा पास होऊन कुठं जाऊ?"

मला रडू आलं. मी त्यांना दगड भरू लागले. एकेक कागदात गुंडाळून.

मी चौतीसच दिले. या वेळी उपकार करण्याचा मोह झाला नाही. निकालाच्या दिवशी पुडा आला नाही. जूनमध्ये अभ्यासक्रमाचं रजिस्टर बंद करून कचेरीत जमा केलं. शेवटच्या पानावर अपूर्ण राहिलेल्यांची यादी असते. त्यात दहा नावं होती आणि अकरावं सरांचं. कारकुनाने मला हसत विचारलं की हे प्रोफेसर यात कसे आले. मी म्हटलं, तिथेच असायला हवेत.

नागरत्ना सुपरवायझर झाली का मला माहीत नाही. न सांगता आल्याबद्दल तिचा आठ दिवसांचा पगार कापला एवढं कळलं.

सुट्टीनंतर मला बी.एस्सी.चा एक मोठा वर्ग मिळाला. पासष्ट मुलं, एकच विषय, एकच शिक्षक. सोमवारी पहिल्या तासाला मी हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि मागे घडीचं स्टूल उघडल्याचा आवाज झाला. सर बसले होते. वही उघडली होती, चष्मा लावला होता. या वर्गाशी त्यांचा काही संबंध नव्हता. हजेरीपटात त्यांचं नाव नव्हतं आणि आता ते कुठल्याही हजेरीपटात येणार नव्हतं. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. त्यांना विद्यार्थी म्हणून बसायला आता वर्ग नव्हता.

मी एक ते पासष्ट सगळे नंबर घेतले. मग रजिस्टर मिटलं आणि मिटल्यावर म्हटलं, "पंधरा."

"हजर, मॅडम."

पासष्ट मुलांनी मागे वळून पाहिलं. मी फळ्यावर तारीख घातली आणि शिकवायला लागले.